आमचे कान घ्या, पण निकालही सांगा

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे कान-नाक-घसा विभाग, ऑडिओलॉजीचे अध्यापक व विद्यार्थी आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्या यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझ्या दोन्ही कानांत चोवीस तास आवाज असतो. तुम्ही त्याला टिनिटस म्हणता, आमच्याकडे ‘कान वाजतात’ म्हणतात. या आजारावरच्या संशोधनात रुग्ण म्हणून भाग घ्यायला मी तयार आहे, एकदा घेतलेलाही आहे. माझ्या ओळखीतले आणखी कितीतरी जण तयार आहेत. तुम्ही आम्हाला बोलवावं, नीट बोलवावं आणि काम झाल्यावर काय हाती लागलं ते सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी इचलकरंजीची. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. माहेरी घराच्या मागच्या अंगाला कापड विणण्याच्या साध्या मागांची शेड होती, त्यामुळे धोट्याचा खटखटाट जन्मापासून कानावर. त्या शेडमध्ये माणसं ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलतात. वर्षानुवर्षं मागावर काढलेल्या कुणाशीही बोलायला बसा, थोड्या वेळाने तो एक कान पुढे करतो. माझा आवाज मागांनी दिला की वयाने, हे कुणी ठामपणे सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. पण या गावात कान वाजणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, हे नक्की.

आजार लहान नाही. 2022 साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे 14 टक्के, म्हणजे 74 कोटींहून जास्त माणसांनी हा आवाज अनुभवलेला आहे, आणि सुमारे 12 कोटींना त्याचा त्रास तीव्र आहे. एवढ्या लोकांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने खास टिनिटसवर म्हणून मान्य केलेलं एकही औषध आजवर नाही. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ओपीडीत ‘सवय करून घ्या’ म्हणताना तुमच्यातल्या काहींचा चेहरा पडतो, तो मी पाहिला आहे.

औषध का नाही, याची कारणं अनेक. त्यातल्या एका कारणाशी आमचा, रुग्णांचा, थेट संबंध आहे. मधुमेहाला रक्ताची साखर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. टिनिटसला, म्हणजे कर्णनादाला, यातलं काही नाही. दवाखान्यात वापरता येईल अशी कुठलीही तपासणी आज रुग्णाला न विचारता सांगू शकत नाही की आवाज आहे की नाही, किती आहे, कालच्यापेक्षा कमी झाला का. उंदरांवर प्रयोग होतात, पण उंदराला आवाज येतो की नाही हे त्याच्या दचकण्यावरून ताडावं लागतं आणि त्या ताडण्यावरही संशोधकांत वाद आहेत. अलीकडे बॉस्टनच्या संशोधकांनी डोळ्याच्या बाहुलीचं रुंदावणं आणि चेहऱ्याच्या बारीक हालचालींवरून त्रासाची तीव्रता ओळखण्याचा प्रयत्न केला आहे. वाट आशेची आहे, पण ती तुमच्या-आमच्या ओपीडीपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर रुग्णाचं सांगणं हेच मोजमाप.

ते मोजमाप कसं होतं हे ज्यांनी कधी पाहिलं नाही अशा वाचकांसाठी सांगते. आवाजबंद खोलीचं जाड दार लागलं की बाहेरचं सगळं तुटतं आणि आतला आवाज एकदम अंगावर येतो. (नुसत्या शांततेचाही हा परिणाम असतो. 1953 साली हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 माणसांना अशा खोलीत बसवलं, तेव्हा 94 टक्क्यांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं.) काचेपलीकडे मास्टर्स करणारी एक मुलगी होती. तिने हेडफोनमधून एकापाठोपाठ दोन स्वर दिले. “मॅडम, तुमच्या आवाजाच्या जवळचा कुठला, पहिला की दुसरा?” एक 4000 हर्ट्झचा, एक 8000 चा. दुसरा जवळचा वाटला. मग 8000 आणि 6000. मग पुन्हा तेच, उलट क्रमाने, मी अंदाजे बोलत नाही ना हे पाहायला. माझा आवाज 6000 च्या आसपास ठरला. मग तोच स्वर अगदी बारीक करून हळूहळू वाढवत नेला. तो माझ्या आवाजाइतका झाला तिथे मी हात वर केला.

आकडा निघाला तो माझ्या ऐकण्याच्या मर्यादेच्या जेमतेम काही डेसिबल वर. बहुतेक रुग्णांचं असंच निघतं. रात्र रात्र जागवणारा आवाज यंत्राच्या हिशेबात एवढासाच असतो. आवाजाची मोठाई आणि त्याचा जाच यांचं गणित जुळत नाही, म्हणून नुसत्या डेसिबलवर कुणाचंही दुःख मोजता येत नाही. त्यामुळेच प्रश्नावली आली.

1996 साली न्यूमन आणि सहकाऱ्यांनी केलेली टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी तुम्ही रोज वापरता. 25 प्रश्न, ‘हो’ला 4, ‘कधीकधी’ला 2, ‘नाही’ला 0, एकूण 100. त्यातला एक प्रश्न असा आहे की या आवाजामुळे बाहेर जेवायला जाणं, सिनेमाला जाणं अशा गोष्टींचा आनंद घेताना अडचण येते का. आमच्या ओळीत वहिफणीचं, म्हणजे मागासाठी सूत ओवण्याचं, काम केलेले एक काका बसले होते. त्यांना हा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मी कुठं जातोय हाटेलात?” आणि उत्तर पडलं ‘नाही’. तेच काका एरवी सांगत होते की आता हरिनाम सप्ताहाला जाऊन बसवत नाही, टाळ सुरू झाले की कानातली किरकिर दुप्पट होते, म्हणून भजन सोडलं. आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सुटली होती आणि कागदावर शून्य गुण पडले. त्या विद्यार्थिनीची यात चूक नव्हती, प्रश्न छापील होता. पण प्रश्न ठरवताना असे दोन काका आणि दोन मावशी समोर बसवल्या असत्या, तर त्यांनी तो नक्की दुरुस्त केला असता.

दुसरी अडचण आमच्या बाजूची आहे. डॉक्टरांनी इतकं मनापासून तपासलं, फुकट औषध दिलं, प्रेमाने विचारलं, “काय आजी, फरक वाटतोय ना?” अशा वेळी ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे जिवावर येतं. “वाटतोय थोडा, देवाच्या कृपेनं.” हे वाक्य मी त्या बाकावर कितीदा ऐकलं. बाहेर आल्यावर तीच आजी सुनेला सांगते, “काई फरक न्हाई गं, पर पोरगी लई चांगली हाय.” आता हिशेब करा. 2011 सालच्या एका विश्लेषणात या प्रश्नावलीवर सुमारे 7 गुणांची घट म्हणजे रुग्णाला खरोखर जाणवेल असा बदल, असं ठरलं. चार प्रश्नांना ‘हो’च्या जागी भिडेखातर ‘कधीकधी’ म्हटलं की 8 गुण उतरले. औषध लागू पडलं! चार भिडस्त उत्तरांवर एक प्रबंध उभा राहू शकतो.

म्हणूनच या आजारात खोट्या गोळीचा, म्हणजे प्लासिबोचा, गट असणं जरुरीचं आहे आणि उत्तरं घेणारी व्यक्ती उपचार देणाऱ्यापेक्षा वेगळी असणंही. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तोच आवाज अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर काहीही केलं नाही तरी पुष्कळांचं थोडं उतरतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या आपोआप उतरण्याचं श्रेय गोळीला जातं. 2020 साली जीभ आणि कान यांना एकाच वेळी चेतना देणाऱ्या आयरिश उपकरणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 326 माणसं होती, निकाल चांगले होते, तरीही निष्क्रिय उपचाराचा गट नव्हता या एका मुद्द्यावर त्याच्यावर टीका झाली. उलट मिशिगन विद्यापीठात सुझन शोर यांच्या गटाने 2023 मध्ये छापलेल्या चाचणीत 99 जणांना घेतलं. जबडा किंवा मान हलवली की ज्यांचा आवाज बदलतो असेच ते रुग्ण होते. सहा आठवडे एक उपचार, मग सहा आठवडे विश्रांती, मग सहा आठवडे दुसरा उपचार. रोज अर्धा तास कानाला आणि कातडीला यंत्र लावून बसायचं, आणि आत्ता आपल्याला खरा उपचार मिळतोय की नुसताच आवाज, हे त्या माणसाला माहीत नाही, विचारणाऱ्यालाही नाही. त्या 99 जणांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडची माणसं एवढा नेम पाळणार नाहीत असं कुणी म्हणू नये. ज्या घरांत चतुर्थी-एकादशी चुकत नाही त्या घरांत रोजचा अर्धा तासही चुकणार नाही. का करायचं हे मात्र समजावून सांगायला हवं.

आणि ‘नाही’ या निकालाची किंमत. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जिंको बायलोबा या झाडाच्या अर्काच्या गोळीची चाचणी आली. 1100 हून जास्त टिनिटसवाले, 12 आठवडे, निम्म्यांना जिंको आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी. सगळा कारभार टपालाने आणि फोनवर, कुणाला दवाखान्यात खेटे घालायला लावले नाहीत. निष्कर्ष असा की जिंको खोट्या गोळीपेक्षा सरस नाही. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, झिंक यांची शिफारस करू नये असं स्पष्ट लिहिलं. कानाच्या पडद्याआड इंजेक्शन देण्याच्या एएम-101 या औषधाच्या मोठ्या चाचण्या 2016 आणि 2018 मध्ये फसल्या, ओटीओ-313 ची 2022 मध्ये. या सगळ्यांत हजारो माणसांनी आपले कान दिले आणि त्यांच्या वाट्याला ‘उपयोग नाही’ हे उत्तर आलं. त्या उत्तराने पुढच्या लाखोंचे पैसे आणि आशा वाचायला हव्या होत्या. आमच्या गावात मात्र जिंकोच्या गोळ्यांची चिठ्ठी अजून पडते. पॉवरलूमवरचा कामगार ती महिनोन्महिने विकत घेतो. त्या अकराशे माणसांनी दिलेलं उत्तर इथल्या मेडिकल दुकानापर्यंत पोचलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझी तक्रार. मी ज्या अभ्यासात भाग घेतला त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण जे तिथे झालं ते सगळीकडेच होतं. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, सही मराठीत घेतली. मी वाचू शकले, माझ्या शेजारच्या बाईंना ‘इथं करा’ एवढंच सांगितलं गेलं. सही केलेल्या कागदाची प्रत हातात मिळाली नाही. तपासण्या काळजीपूर्वक झाल्या, मुलं-मुली मायेने वागली, त्याबद्दल दुमत नाही. मग अभ्यास संपला आणि दार बंद झालं. काय निघालं? गोळीचा उपयोग होता की नव्हता? मला खरी गोळी होती की खोटी? कुणी सांगितलं नाही. चौकशी केली तर ती विद्यार्थिनी पास होऊन गेलेली, आणि प्रबंध विद्यापीठात ‘सबमिट’ झालेला.

एम. एस. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो हे मला ठाऊक आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यभर दरवर्षी असे कितीतरी प्रबंध होतात, त्यांतले काही कर्णनादावर असतात. तीन वर्षांत ओपीडी, ऑपरेशन, इमर्जन्सी सांभाळून ती मुलं ते करतात, याची जाणीव ठेवूनच बोलते. पण वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात लिहिलं आहे की संशोधनात भाग घेतलेल्या प्रत्येकाला अभ्यासाचा एकूण निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय मिळायला हवा. तुमच्या प्रत्येकाच्या प्रोटोकॉलमध्ये त्या जाहीरनाम्याचं पालन करू असं वाक्य असतं. मग ते वाक्य आमच्यापर्यंत यायला काय लागतं? एक पान मराठीत. ‘तुम्ही ज्या अभ्यासात होता त्यात इतके जण होते, अमुक दिलं, तमुक दिसलं, तुम्ही या गटात होता, तुमचे आभार.’ व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी चालेल. ज्याला वाचता येत नाही त्याला बोलून रेकॉर्ड केलेला संदेश पाठवा.

लोक संशोधनाला घाबरतात, ही तुमची नेहमीची अडचण. घाबरण्याला कारणं आहेत. 2009 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींवर एचपीव्ही लशीचा जो प्रकल्प झाला त्यात वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. 2010 मध्ये तो थांबवला गेला आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, 2013 मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि 2019 मध्ये नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमावली आली. आज औषधाच्या चाचणीत अपाय झाला तर फुकट उपचार आणि भरपाई हा आमचा हक्क आहे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे आमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. भाग घेण्यासाठी पैसे मागणं हेच मुळात बेकायदा वागण्याचं लक्षण आहे. कानावर लेझर, स्टेम सेल अशा गोष्टी ‘संशोधन’ म्हणून हजारो रुपयांना विकणाऱ्यांपासून माझ्यासारख्या रुग्णांनी दूर राहायला हवं. हे सगळं ओपीडीच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. माहिती असलेला माणूस कमी घाबरतो आणि जास्त टिकतो.

एथिक्स कमिट्यांच्या सदस्यांना माझी वेगळी विनंती आहे. 2019 च्या नियमांप्रमाणे तुमच्या समितीत किमान सात जण लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक लागतो आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे लागतात. तो सामान्य नागरिक बहुतेक वेळा कुणीतरी ओळखीचा, सही करून चहा घेऊन जाणारा असतो, असं मला एका समितीवर काम केलेल्या माणसानेच सांगितलं. त्या खुर्चीवर त्या आजाराचा रुग्ण बसवून पाहा. कानाचा अभ्यास असेल त्या दिवशी कान वाजणारा माणूस बोलवा. लांबलचक रांगेत उभं राहून यायचं असेल तर तिसऱ्या भेटीला कोण येईल आणि कोण गळेल, हे तो कागद वाचल्याबरोबर सांगेल.

रोजंदारीचंही बोलायला हवं. तपासणीला एक फेरी म्हणजे मागावरच्या माणसाचा एक खाडा. जो खाडा सोसू शकत नाही तो अर्ध्यात सोडून जातो आणि तुमच्या तक्त्यात ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ म्हणून उरतो. म्हणजे ज्यांचे कान आवाजाने गेले तेच अभ्यासातून गळतात आणि उरतात माझ्यासारखे पेन्शनवाले. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांची आडकाठी नाही, उलट तशी तरतूद आहे. सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, अंदाजपत्रकात तेवढा एक रकाना ठेवा. नाहीच जमलं तर भेटी कमी करा, फोनवर विचारा, टपालाने पाठवा. जिंकोवाल्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी हे करून दाखवलं आहे.

कशावर अभ्यास करायचा हे ठरवतानाही आम्हाला विचारा. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्सच्या पद्धतीने रुग्ण आणि तज्ज्ञ एकत्र बसले आणि टिनिटसवरच्या संशोधनासाठी पहिले दहा प्रश्न निवडले. पुढे नॉटिंगहॅमच्या डेबोरा हॉल यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या रुग्णांना आणि संशोधकांना विचारून उपचाराचा उपयोग कशात मोजायचा हे ठरलं. ध्वनी ऐकवून केलेल्या उपचारांसाठी ठरलेली यादी अशी: आवाज मनात किती घुसतो, त्याकडे दुर्लक्ष करता येतं का, लक्ष लागतं का, झोप कशी आहे, आवाजावर आपला काही ताबा आहे असं वाटतं का. ही यादी वाचली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आमचं ऐकलं. आपल्याकडे असं एक दिवस बसायला काय हरकत आहे? कोल्हापूर, सोलापूर, भिवंडी, मालेगाव, कुठेही बसा. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिने बोलावलं तर गावोगावचे रुग्ण येतील.

माझ्या मनातले प्रश्न सांगते. साध्या मागावर काम करणाऱ्या किती जणांचे कान वाजतात आणि कोणत्या वयापासून? कापसाचे बोळे सोडून खरा इअर प्लग दिला तर तरुण पोरं तो घालतात का, नसतील घालत तर का नाही? टीबीच्या जुन्या उपचारात कानामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेऊन बरे झालेल्यांच्या कानांचं आता काय चाललं आहे? ढोल-ताशा पथकांतल्या मुलांचे कान गणपतीच्या आधी आणि नंतर कुणी मोजले आहेत का? ही मुलं वीस-बावीस वर्षांची आहेत, त्यांच्यापुढे हा आवाज घेऊन जगायची पन्नास वर्षं असू शकतात.

आणि सर्वांत आधी हवा तो मराठीतल्या समुपदेशनाचा अभ्यास. जगभरातले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 28 अभ्यास आणि 2733 माणसांचा विचार झाला. निष्कर्ष असा की विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी पद्धत आवाजाचा आयुष्यावरचा जाच कमी करू शकते. ते अभ्यास बहुतेक युरोपातले. तीच पद्धत मराठीत, फोनवरून, पाचवी-सातवी शिकलेल्या माणसाला, शेजारी टीव्ही चालू असलेल्या एका खोलीच्या घरात लागू पडते का? याला नवं औषध लागत नाही, कंपनी लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. एखाद्या मास्टर्सच्या विद्यार्थिनीने मानसशास्त्र विभागातल्या कुणाला जोडीला घेतलं तर होण्यासारखं आहे. निकाल ‘हो’ आला तर दुसऱ्या दिवसापासून तालुक्याच्या रुग्णालयात वापरता येईल. माझं नाव त्या अभ्यासासाठी आजच लिहून घ्या.

आता आमच्याकडून तुम्हाला काय मिळेल. जे आहे ते सांगू, भीड ठेवणार नाही, फरक नसेल तर ‘नाही’ म्हणू. अभ्यास चालू असताना मध्येच कुणी सांगितलेलं तेल कानात घालणार नाही, घातलं तर लपवणार नाही. बरं वाटलं म्हणून किंवा वाटलं नाही म्हणून शेवटची भेट चुकवणार नाही. शेवटच्या भेटीची किंमत आम्हाला कुणी सांगितलीच नाही तर ती कशी कळणार, म्हणून ती पहिल्याच दिवशी सांगा. मी माझ्या परीने इथे सुरुवात केली आहे. ओळखीतल्या रुग्णांना प्रश्नावली म्हणजे काय, खोटी गोळी का लागते, सही करण्याआधी काय विचारायचं, हे सांगते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीबरोबर ठोके पडल्यासारखा येत असेल तर अभ्यासाच्या नादी न लागता आधी नीट तपासून घ्या, हेही सांगते, कारण त्यामागे वेगळं कारण असू शकतं.

चाचण्यांची नोंदणी देशात आहे. सीटीआरआय 2007 साली सुरू झाली, औषधांच्या चाचण्यांना ती जून 2009 पासून सक्तीची झाली आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. पण ती इंग्रजीत आहे आणि आमच्यातला कुणी ती उघडून पाहत नाही. जिल्ह्यात कर्णनादाचा अभ्यास सुरू होतो तेव्हा ती बातमी त्या ओपीडीत योगायोगाने आलेल्यालाच कळते. प्रत्येक महाविद्यालयाने भाग घेऊ इच्छिणाऱ्यांची एक वही ठेवावी. नाव, फोन, कोणता कान, किती वर्षं, काय काम करतो, एवढंच. नवा अभ्यास निघाला की त्या वहीतून बोलवा. वही सांभाळायला माणूस नसेल तर आमच्यातली निवृत्त माणसं येऊन बसतील.

नव्या पीजी विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिस आता समित्यांपुढे येतील. त्यांत कर्णनादावरची जी असेल तिला परवानगी देताना तीन गोष्टी पाहा. मराठी माहितीपत्रक जोडलेलं आहे का, ते एखाद्या रुग्णाने वाचून समजलं असं सांगितलं आहे का, आणि निकाल रुग्णांना कोण, कधी, कसा कळवणार ते लिहिलं आहे का. तिसरं लिहिलेलं नसेल तर ती सिनॉप्सिस परत पाठवा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इचलकरंजी, जि. कोल्हापूर